मुलांच्या विश्रांतीची तारीख कार्यक्रमपत्रिकेत कुठे आहे?

प्रति,
वयोगटांच्या स्पर्धा भरवणाऱ्या क्रीडा संघटनांचे पदाधिकारी, स्पर्धा-संचालक आणि निवड समित्यांचे सदस्य

स. न. वि. वि.

मी खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे १० ते १७ वयाची मुलं-मुली बरीच येतात. त्यांना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कधी लागलं? पडून मनगट मोडलेलं मूल वार, वेळ, अंगावर कोण आलं, सगळं सांगतं. पण पुष्कळ मुलांना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. ती आईकडे बघतात. आई म्हणते, मागच्या स्पर्धेनंतर. वडील म्हणतात, छे, शिबिरात असतानाच कुरकुर सुरू होती. दोघांचंही बरोबर असतं, कारण एका क्षणी लागलं असं काही झालेलंच नसतं. तोच चेंडू, तीच उडी, तोच फटका हजारो वेळा झालेला असतो आणि मधे भरून यायला वेळ मिळालेला नसतो. वैद्यकात यांना अतिवापराच्या दुखापती म्हणतात.

हा विषय निघाला की बोट प्रशिक्षकाकडे जातं, नाहीतर पालकांकडे. त्यांच्याशी मी भरपूर वाद घातले आहेत, पुढेही घालीन. पण मुलाला तपासून झालं की त्याच्या वर्षभराच्या तारखा एका कागदावर मांडायची मला सवय लागली आहे. साखळी, बाद फेरी, निवड चाचणी, शिबिर, वरच्या वयोगटाची स्पर्धा, पुन्हा चाचणी. दुखण्याचं कारण बहुतेक वेळा त्या कागदावरच सापडतं. आणि त्या तारखा प्रशिक्षक ठरवत नाही, पालकही ठरवत नाहीत. तुम्ही ठरवता. म्हणून पत्र तुम्हाला.

आधी थोडं शरीराबद्दल, कारण त्याशिवाय तारखांचा मुद्दा पटणार नाही. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक ऊतीची, एक पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथे वाढते. ही पट्टी शेजारच्या पक्क्या हाडापेक्षा आणि सांधा बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटपेक्षा कमजोर असते. ज्या झटक्याने मोठ्या माणसाचं लिगामेंट ताणलं जाईल, त्याच झटक्याने मुलाची ग्रोथ प्लेट दुखावू शकते. शिवाय मोठे स्नायू जिथे हाडाला येऊन चिकटतात, तिथेही वाढीच्या वयात अशीच कूर्चा असते: टाचेच्या मागे, गुडघ्याच्या खाली, कोपराच्या आतल्या बाजूला. स्नायू ती जागा ओढतो, रोज शेकडो वेळा ओढतो, आणि ती दुखायला लागते.

हे नवं ज्ञान नाही. गुडघ्याखाली टेंगूळ येऊन होणाऱ्या या दुखण्याचं वर्णन बोस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झ्युरिकचे कार्ल श्लाटर या दोघांनी १९०३ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे केलं. टाचेच्या दुखण्याचं वर्णन जेम्स सीव्हर यांनी १९१२ साली केलं. ही नावं आम्ही आजही केसपेपरवर लिहितो. माहिती शंभर वर्षांहून जुनी आहे. कार्यक्रमपत्रिका ठरवणाऱ्या बैठकीपर्यंत पोचायला तिला जरा उशीर झाला आहे, इतकंच.

आता वयाचं बघा. उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत साधारण १२ व्या आणि मुलांत साधारण १४ व्या वर्षाच्या आसपास येतो. कोणाचा वर्ष-दोन वर्षं आधी, कोणाचा नंतर. या काळात हाड आधी लांब होतं आणि त्यात खनिजं मागाहून भरतात. मधलं अंतर काही महिन्यांचं असतं. त्या महिन्यांत मूल ताडमाड दिसतं, पण हाड त्याच्या आकाराच्या मानाने कच्चं असतं. स्नायू लांबीच्या मागे राहतात, आखडतात. धावण्याची, उडी मारण्याची बसलेली लयही बिघडते. काल जमणारी गोष्ट आज जमत नाही, म्हणून मूल आणखी जोर लावतं. याच्या शेजारी तुमचे १३, १४, १५, १६ वर्षांखालचे गट ठेवा. खरी चुरस इथे सुरू होते, पहिली मोठी निवड इथे, पहिलं निवासी शिबिरही इथेच. शरीर ज्या दोन-तीन वर्षांत सर्वांत नाजूक असतं, त्याच वर्षांत आपण त्याच्या नावावर सर्वांत जास्त तारखा लिहितो.

त्यातही जे मूल बरोबरीच्यांआधी वाढलं, त्याची अवस्था बघा. उंच, दांडगं, म्हणून ते सगळ्यांना हवं असतं. शाळेच्या संघाला, क्लबला, वरच्या वयोगटालाही. सामना अडकला की चेंडू त्याच्याच हातात. दोन वर्षांनी बाकीची मुलं उंचीने त्याच्या बरोबरीला येतात तेव्हा याचा खांदा किंवा कंबर माझ्या टेबलावर असते.

वेगवान गोलंदाजाच्या कंबरेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तारखांचा परिणाम तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. चेंडू सोडताना पाठ एकाच वेळी मागे वाकते, बाजूला झुकते आणि वळते. त्याच क्षणी पुढचा पाय शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोराने जमिनीवर आदळतो. हा ताण कंबरेच्या खालच्या मणक्यांच्या मागच्या बाजूला असलेल्या एका अरुंद हाडावर येतो, आणि बहुतेकदा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. हाडाला ताण वाईट नसतो, ताणानेच ते मजबूत होतं. पण त्याची रीत अशी की आधी जुना, थकलेला भाग काढला जातो आणि मग नवा भरला जातो. काढायला काही आठवडे पुरतात, भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात रोज तोच भार येत राहिला तर रस्ता उखडून ठेवून डांबर पडायच्या आत त्यावरून ट्रक सोडल्यासारखं होतं. आधी एमआरआयमध्ये हाडाच्या आत नुसती सूज दिसते, मग चीर, मग आरपार फ्रॅक्चर. सूज असतानाच थांबवलं तर मूल तुलनेने लवकर मैदानावर परत जातं. आरपार गेल्यावर मोसम जातो, कधी वर्ष जातं, आणि कधी ते हाड सांधतच नाही.

ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्स याची कारकीर्द तुम्हाला माहीत आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, जोहान्सबर्गला त्याने कसोटी पदार्पण केलं, दुसऱ्या डावात ६ बळी घेतले आणि सामनावीर ठरला. त्याची दुसरी कसोटी रांचीला झाली, मार्च २०१७ मध्ये. मधल्या पाच वर्षांत पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या अशाच चिरांनी, त्याला पुन्हा पुन्हा बाहेर बसवलं. कंबरेचं हाड पूर्ण पक्कं व्हायला विशी उलटून काही वर्षं जावी लागतात, आणि त्याच्या बाबतीत ती वर्षं जाऊ देण्यात आली. पण त्याच्यामागे एक श्रीमंत क्रिकेट मंडळ होतं. डॉक्टर होते, स्कॅन होते, वाट बघायची तयारी होती. तुमच्या १५ वर्षांखालच्या संघातल्या मुलासाठी कोण पाच वर्षं थांबतं? तुम्ही तर पाच आठवडेही थांबत नाही. चाचणीची तारीख ठरलेली असते.

मला कोणाला घाबरवायचं नाही. टाचेचं किंवा गुडघ्याखालचं दुखणं वाढ पूर्ण होत आली की बहुतेक मुलांत आपोआप थांबतं, आणि तोवर भार थोडा कमी केला की निभतं. दुखतंय म्हटल्यावर खेळच बंद करायला सांगणारे डॉक्टर मला पटत नाहीत. मुलांनी खेळावं, भरपूर खेळावं. पण सगळीच दुखणी इतकी सोशिक नसतात. जिम्नॅस्ट मुली हातांवर पूर्ण वजन तोलतात; मनगटाशी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची ग्रोथ प्लेट सततच्या माराने वेळेआधी बंद झाली तर ते हाड वाढायचं थांबतं आणि शेजारचं वाढत राहतं. फेकणाऱ्या मुलांच्या कोपरात कूर्चेचा तुकडा हाडासकट सुटून सांध्यात फिरतो. असं मूल पुढे खेळो न खेळो, तो हात आयुष्यभर कुरकुरू शकतो.

आता मोजण्याबद्दल. शाळेच्या क्रीडाशिक्षकाला शाळेचे सामने माहीत असतात. क्लबच्या प्रशिक्षकाला क्लबचे. खासगी अकादमीत मूल आठवड्यातून तीन दिवस वेगळं जातं. तुमच्या शिबिरात पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्याची फिटनेस चाचणी होते, जणू ते दोन महिने घरी लोळत होतं. प्रत्येक जण आपापल्या भागापुरता शहाणा असतो, आणि बेरीज कोणाकडेच नसते. सामन्यात सहाच षटकं टाकली म्हणून प्रशिक्षक निर्धास्त असतो. आदल्या संध्याकाळी संघातल्या फलंदाजांना सराव मिळावा म्हणून त्याच मुलाने नेट्समध्ये किती चेंडू टाकले, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

ही बेरीज करता येते हे बेसबॉलवाल्यांनी दाखवलं. अमेरिकेतली लिटल लीग ही मुलांच्या बेसबॉलची संघटना पूर्वी पिचरवर, म्हणजे फलंदाजाला चेंडू फेकणाऱ्यावर, डावांची मर्यादा घालायची. पण एका डावात दहा चेंडू फेकावे लागतील की तीस, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून २००७ पासून त्यांनी थेट चेंडू मोजायला सुरुवात केली. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा, आणि ६६ किंवा जास्त फेकले तर पुढचे ४ दिवस पिचिंग बंद. त्यातला एक छोटा नियम मला फार आवडतो: ज्याने दिवसात ४१ किंवा जास्त चेंडू फेकले, त्याला उरलेल्या दिवसात कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) म्हणूनही उभं करता येत नाही, कारण कॅचरही दिवसभर चेंडू परत फेकतच असतो. हा नियम लिहिणाऱ्याने पळवाट आधी शोधली आणि मग बुजवली.

क्रिकेटमध्ये इंग्लंडच्या मंडळाने छोट्या वेगवान गोलंदाजांसाठी अनेक वर्षं अशाच मर्यादा राबवल्या: १३ वर्षांखालच्यांना एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग, ५ आणि दिवसात १० षटकं, १४ आणि १५ वर्षांखालच्यांना ६ आणि १२. तुमच्यापैकी काहींच्या नियमपुस्तिकेतही अशी मर्यादा आहे, हे मला माहीत आहे. पण ती सामन्यापुरती आहे. सकाळी एका संघाकडून आणि दुपारी दुसऱ्या संघाकडून खेळलेल्या मुलाला ती ओळखत नाही.

थकलेल्या हाताने फेकत राहण्याचा धोका किती, याचा अंदाज २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातून येतो. खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या किशोर पिचर्सची तुलना निरोगी पिचर्सशी केली होती. वर्षातले आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ स्पर्धेत पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता ५ पट आढळली. हात थकलेला असतानाही नेहमी फेकत राहणाऱ्यांत ३६ पट. मागे वळून विचारलेल्या माहितीवरचा अभ्यास आहे, त्यामुळे ३६ हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. पण दिशा स्पष्ट आहे, आणि त्या यादीतला ‘वर्षातले महिने’ हा मुद्दा पूर्णपणे तुमच्या हातातला आहे.

दुसरा अभ्यास २०१५ सालचा, शिकागोतला. ७ ते १८ वयाच्या बाराशेहून अधिक मुलांचा. जी मुलं आठवड्याला आपल्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास खेळाच्या प्रशिक्षणात घालवत होती, म्हणजे १२ वर्षांचं मूल १२ तासांपेक्षा जास्त, त्यांच्यात गंभीर अतिवापराच्या दुखापतींची शक्यता जास्त होती. आखून दिलेला सराव मोकळ्या खेळाच्या दुपटीहून जास्त असलेल्यांतही तसंच.

हा दुसरा निष्कर्ष मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुमच्या बैठकीत कोणीतरी ज्येष्ठ हमखास म्हणतात: “आमच्या वेळी आम्ही सकाळी बाहेर पडायचो ते अंधार पडल्यावर घरी यायचो. आम्हाला कुठे काय झालं?” साहेब, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. तुम्ही सकाळी एक खेळलात, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं. दमलात की कडेला बसलात. पाय दुखला की त्या दिवशी नुसते पंच झालात. कोणी शिट्टी वाजवून पुन्हा उभं केलं नाही, आणि रविवारी चाचणी आहे म्हणून दुखणं लपवायची वेळ आली नाही. तशी दिवसभराची धावपळ आजच्या मुलांना मिळाली तर मला आनंद होईल. त्यांना मिळतात रोज दोन सत्रं, एकाच खेळाची, एकाच हालचालीची, बारा महिने.

लपवण्याचा विषय निघालाच आहे, तर निवड चाचण्यांबद्दल बोलते. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. वर्षातून एक दिवस, एक सकाळ, आणि त्यावर पुढचं वर्ष अवलंबून. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात माझ्याकडे येणारी मुलं वेगळीच असतात. ती मला दुखतं म्हणून सांगत नाहीत, फक्त टेप कसा बांधायचा ते विचारतात. खिशात वेदनाशामक गोळी असते, ती कधी घेतली की धावताना जाणवणार नाही याचा हिशेब त्यांनी केलेला असतो. पायाच्या हाडावर बोट दाबलं तर चेहरा हलतो, पण तोंडाने म्हणतात, काही नाही, थोडंसंच. मी आईवडिलांना सांगते, सहा आठवडे थांबा. ते विचारतात, मग चाचणी? माझ्याकडे उत्तर नसतं, कारण तुमच्याकडे दुसरी तारीख नसते. ते कुटुंब दुष्ट नाही, अडाणीही नाही. नियम जसा आहे त्यात त्यांनी केलेला हिशेब चोख आहे: दुखणं सांगितलं तर संधी नक्की जाते, लपवलं तर कदाचित वाचते. वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्या मुलांसाठी दोन-तीन महिन्यांनी एक राखीव चाचणी ठेवा आणि संघात एक-दोन जागा तिच्यासाठी मोकळ्या ठेवा, मग बघा किती मुलं वेळेत खरं बोलायला लागतात. गैरफायदा घेणारेही निघतील. पण आज जो गैरफायदा घेतला जातो आहे तो मुलांच्या हाडांचा आहे.

रँकिंगचे गुणही याच जातीचे. जिथे खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेचे गुण बेरजेत धरले जातात, तिथे घरी राहिलेला प्रत्येक आठवडा म्हणजे तोटा. मग आजारी मूलही प्रवास करतं. वर्षातल्या सर्वोत्तम ठरावीक निकालांचेच गुण धरले, तर त्यापुढच्या स्पर्धेला जाऊन फारसं काही हाती लागत नाही, आणि पालक आपणहून जाणं कमी करतात. उपदेश करायची गरजच राहत नाही. महिला टेनिसमध्ये लहान वयाच्या खेळाडूंनी वर्षात किती व्यावसायिक स्पर्धा खेळायच्या यावरच १९९० च्या दशकाच्या मध्यापासून वयानुसार मर्यादा आहे. जिम्नॅस्टिक्सच्या जागतिक संघटनेने मुलींसाठी वरिष्ठ स्पर्धांचं किमान वय १९९७ मध्ये १६ केलं. फिगर स्केटिंगच्या संघटनेने २०२२ मध्ये ते १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करायचं ठरवलं. म्हणजे नियम बदलता येतात, बदलले गेले आहेत, आणि खेळ बुडाले नाहीत.

पदकं कमी होतील, ही भीती तुम्ही उघडपणे बोलत नाही, पण असते. नॉर्वेने लहान मुलांच्या खेळांसाठी १९८७ मध्ये नियम केले आणि २००७ मध्ये मुलांच्या क्रीडा-हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. तिथे ११ वर्षांखालच्यांचे गुणतक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत, आणि मूल ज्या वर्षी १३ चं होतं त्याआधी त्याला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. हाच देश २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं घेऊन पहिला आला. आता, ती पदकं त्या नियमांमुळेच आली असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे बर्फही भरपूर आहे. पण लहानपणी क्रमवारी लावली नाही म्हणून मोठेपणी जिंकता येत नाही, हा युक्तिवाद यापुढे करू नका.

झोपेचं एका वाक्यात: आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या किशोरवयीन खेळाडूंत दुखापतीची शक्यता १.७ पट आढळल्याचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे, तेव्हा दूरच्या मुलांना पहाटे हजेरीला बोलावण्याआधी ती घरून कधी निघतील ते मोजा.

मुलींबद्दल मात्र एका वाक्यात भागणार नाही. वजनगटांच्या खेळांत, लांब पल्ल्याच्या धावण्यात, जिम्नॅस्टिक्समध्ये पाळी येणं थांबलं की ‘सराव चांगला चाललाय’ असं समजणारे लोक अजून आहेत. शरीराला खर्चाइतकं अन्न मिळत नसलं की ते आधी पाळी बंद करतं आणि त्याबरोबर हाडांचं भरणंही मागे पडतं. अशा मुलीला वारंवार स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेवर स्वतंत्र निवेदन काढलं आणि त्यात मुलग्यांचाही समावेश केला, कारण कमी खाऊन जास्त पळण्याचा परिणाम त्यांच्याही हाडांवर होतो. शिबिरात मुलींशी हे मोकळेपणाने बोलू शकेल अशी एक बाई हवी. आणि वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवणं आजच्या आज बंद करा, त्याला ठरावही लागत नाही.

मग वेळापत्रकात काय बदलावं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला वर्षानुवर्षं साधारण एकच आहे: आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात दोन-तीन महिने आपल्या मुख्य खेळापासून लांब, हवं तर एकेक महिन्याच्या तुकड्यांत. सल्ला साधा आहे. पण तुमची कार्यक्रमपत्रिका समोर ठेवून तो पाळून दाखवा बघू. मी बरेचदा प्रयत्न केला आहे. एक महिना मोकळा सापडतो, तर त्यात परीक्षा असतात, आणि परीक्षा संपायच्या आत शिबिराचं पत्र येतं.

म्हणून मागणी अशी की वर्षातले किमान दोन महिने तुम्हीच बंद करा. त्या काळात मान्यताप्राप्त स्पर्धा नाही, चाचणी नाही, शिबिर नाही. खासगी अकादम्या ती जागा भरतील, हे मला कळतं. पण त्या काळातल्या खेळाला ना गुण ना निवड, असं एकदा झालं की तिथली गर्दी ओसरते. एका आठवड्यात एका मुलाने एकाच वयोगटात खेळावं. वरच्या गटात घ्यायचं तर खालच्या गटातून त्या आठवड्यापुरतं सोडावं. संघ दोन-चार मुलांनी मोठे करा आणि बदली खेळाडूंचे नियम सैल करा, म्हणजे प्रशिक्षकाला कोणाला बसवणं परवडेल. आणि नोंदणी क्रमांकाबरोबर प्रत्येक मुलाला भाराची एक नोंदवही द्या, कागदी किंवा मोबाइलवरची. सामना, सराव, चेंडू, तास, शाळा असो वा क्लब, सगळं एकाच ठिकाणी. गेल्या सहा महिन्यांत उंची किती वाढली, हाही एक रकाना त्यात ठेवा. मोजपट्टीला खर्च येत नाही आणि उंची भरभर वाढत असलेलं मूल ओळखायला त्याहून सोपं साधन नाही. तुमचा पंच वयाचा दाखला तपासतो, तसंच हेही पान तपासेल.

यातली नोंदवही सर्वांत आधी कोलमडेल, हेही सांगून ठेवते. पालक खोटे आकडे लिहितील, प्रशिक्षक एकदम महिन्याच्या सह्या करतील. तरी सुरू करा. सरावाचे चेंडू मोजायचे असतात, ही गोष्टच आज बऱ्याच मैदानांवर कोणाच्या डोक्यात नाही.

मैदानावर फिजिओ नेमल्याचं तुम्ही अहवालात लिहिता. मी ते काम केलं आहे. बर्फाची पिशवी, स्प्रे, पट्टी, आणि “पुढच्या सामन्यात उभा राहील ना?” हा प्रश्न. पुढचा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी असतो, तेव्हा मी काय उत्तर देते याला फारसा अर्थ नसतो.

पुढच्या मोसमाचा कार्यक्रम छापायला जाण्याआधी एक काम करा. गेल्या वर्षी तुमच्या १५ वर्षांखालच्या संघात सर्वांत जास्त खेळलेल्या पाच मुलांची नावं काढा. त्यांच्या शाळेला, क्लबला आणि अकादमीला फोन करून वर्षभराच्या सगळ्या तारखा मागवा आणि तुमच्या तारखांशेजारी मांडा. त्यांतली किती मुलं आज खेळत आहेत, तेही विचारा. नवा कार्यक्रम ठरवण्याच्या बैठकीत हा कागद सर्वांत आधी फिरवा. बैठकीला कोणी माहितगार हवं असेल तर मी येईन, मानधन नको.

कळावे,
आपली,
एक क्रीडा-फिजिओथेरपिस्ट